आधी कळू दे, मग ठरव

घरातलं मांजर म्हातारं झालं की एक प्रश्न हमखास येतो: हा बदल वयाचा की आजाराचा? माणसाच्या बाबतीत आपण तो डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतो. मांजराच्या बाबतीत मात्र घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, वय झालंय, राहू द्या त्याला सुखानं. दुसऱ्याचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. दोन्हीकडे माया असते, म्हणून तर वाद लवकर मिटत नाही. असे दोन पक्ष इथे समोरासमोर बसवले आहेत.

स्थळ बेंगळुरूतलं बसवनगुडी, बुल टेंपल रोडच्या आतल्या गल्लीतलं बैठं घर, मागे परस. आत्या बँकेतून निवृत्त झालेली, तीन पिढ्यांची बेंगळुरूकर. भाची पुण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला, सुट्टीपुरती आलेली. वादाचा विषय गुंडू, वय वर्षं तेरा, लहानपणीच नसबंदी झालेला बोका. तिघंही कल्पित, वाद मात्र घरोघरचा.

भाची: आत्या, गुंडूनं आज न्हाणीघरात शू केली. परवा देवघराबाहेरच्या चटईवर केली होती म्हणे. फोनवर बोलली नाहीस ते?

आत्या: त्यात बोलायचं काय? पुसलं, फिनाईल मारलं, चटई उन्हात टाकली. म्हातारपण आहे ते. माणसांचं होतं, मांजराचं व्हायचं नाही?

भाची: फिनाईल नको गं मारूस. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, आणि पायाला लागलं की तो चाटणारच. साबणाच्या पाण्यानं पूस. आणि म्हातारपण म्हणजे वय झालं, कारण नाही झालं. दहाच्या पुढचं मांजर ज्येष्ठ धरतात. तेराव्या वर्षी गुंडू माणसाच्या हिशेबात सत्तरीला टेकला. सत्तरीच्या माणसाला लघवी आवरेना झाली तर तू म्हणशील का, वय झालंय, फिनाईल मारते?

आत्या: जीभ चालते हं तुझी. अगं, या घरात मी जन्मभर मांजरं बघत आलेय. घर बांधलं तेव्हा मांजर हौसेचं नव्हतंच. १८९८ च्या प्लेगनं जुन्या पेठेतली माणसं हादरली, मोकळ्या हवेतल्या वस्त्या हव्याशा झाल्या, तेव्हा बसवनगुडी आणि मल्लेश्वरम भरत गेलं. उंदराचा धसका होता, म्हणून मांजर. तुमच्या तिकडचा तो अमरावतीचा सिव्हिल सर्जन, ब्युकॅनन, तोही त्याच काळात लिहीत होता की प्लेग टाळायचा तर मांजरं पाळा. त्या मांजरांना कोणी दवाखाना दाखवला? एक दिवस दिसेनाशी व्हायची, संपलं.

भाची: दिसेनाशी व्हायची म्हणजे आडोशाला जाऊन मरायची. कशानं गेली ते कळलंच नाही, म्हणून आपण म्हणत आलो, वयानं गेली. मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हाताऱ्या मांजरांत फार सर्रास आढळतो. तुझ्या त्या दिसेनाशा झालेल्यांपैकी किती त्यानं गेली, कोण सांगणार?

आत्या: बरं, राहिलं. आता उपाय सोपा आहे. रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवते. पाणी कमी, शू कमी.

भाची: ते मात्र अजिबात करू नकोस! तुला वाटतं तो पितो म्हणून शू होते. मूत्रपिंडं थकली की होतं उलटं: शू होते म्हणून तो पितो. मांजर मूळचं कोरड्या मुलखातलं जनावर. तहान कमी, आणि लघवी अशी घट्ट की थेंबभर पाणी वाया जात नाही. मूत्रपिंडाचा बराच भाग गेला की हे घट्ट करणं जमत नाही. पाणी निसटत राहतं, ते भरून काढायला मांजर पीत राहतं. तू भांडं उचललंस तरी शू थांबणार नाही, अंगातलं पाणी आटेल. जी काही मूत्रपिंडं शिल्लक असतील ती त्यानंच हात टेकतील. बरं, मला सांग, तो पाणी पूर्वीपेक्षा जास्त पितोय का?

आत्या: त्याचं स्टीलचं भांडं दिवसातून एकदा भरायचे, आता दोनदा भरते. शिवाय न्हाणीतल्या बादलीत तोंड घालतो.

भाची: आणि चटईवर होतं ते किती? थेंब थेंब की थारोळं?

आत्या: चटई भिजून ओघळ उंबऱ्यापर्यंत गेला होता. एकदाच केली, भरपूर. कुंथला नाही, ओरडला नाही, करून निवांत जाऊन बसला. आणि विचारायच्या आधीच सांगते, मुंग्या लागल्या नाहीत. साखर असती तर मुंग्या आल्या असत्या.

भाची: तू फिनाईल मारल्यावर मुंगी कशाला फिरकेल तिथे?

आत्या: ...हं. तेही खरंच.

भाची: पण तू बघितलंस, हे फार कामाचं आहे. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील: मांजर *जास्त* करतंय, की *सारखं सारखं* करतंय? भरपूर लघवी आणि भरपूर पाणी असेल तर संशय मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइडवर. थोडी थोडी, सारखी, कुंथत, कधी लालसर, तर संशय मूत्राशयावर, म्हणजे दाह, खडा किंवा जंतुसंसर्ग. त्यातही तरुण मांजरात जंतू क्वचितच सापडतात, बहुतेकदा ताणतणावाशी जोडलेला दाह असतो. म्हातारपणी लघवी पातळ झाली की जंतूंना फावतं. तिसरीच एक शक्यता सांधे. तो हल्ली भिंतीवर चढतो का?

आत्या: नाही. खाली बसतो, वर बघतो, आणि पायरीकडून वळसा घालून जातो. मला वाटलं आळशी झालाय. कणाही हाताला लागतो आताशा.

भाची: बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर बहुतेकांच्या सांध्यांत झीज दिसते. परसात शेवग्याखाली जायचं तर मागच्या तीन पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघा दुखत असेल तर न्हाणीघर जवळ पडतं. शिवाय तो परसात करतो तेव्हा माती उकरून झाकून टाकतो, मग आपल्याला काय कळणार? घरात एक पसरट ट्रे ठेव, एका बाजूनं अगदी बुटका. ते पाणी लागलं की गोळा होणारं लिटर घाल. रोज गोळे काढताना किती आहेत आणि केवढे आहेत ते बघ. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितेस ना, तिथेच लिही.

आत्या: लिहीन. पण मग थोडे दिवस बघूच या की. परवागिल्ला, काही बिघडत नाही, घाई काय आहे?

भाची: आहे तशा अवस्थेत आठवडाभरात दाखवलं तरी चालेल. पण एक चित्र दिसलं तर तासभरही थांबायचं नाही. तो बोका आहे, हे विसरू नकोस. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे यांची गुठळी तिथे अडकली की लघवी तुंबते. मग तो ट्रेमध्ये पुनःपुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत सुटतो, आणि खाली काही नाही, फार तर थेंब. पुढे उलट्या, लपून बसणं. तुंबलेल्या लघवीबरोबर रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हृदयच थांबतं. एक-दोन दिवसांत जातं मांजर. अनेकांना वाटतं, शौचाला होत नाही, आणि एरंडेलात दिवस घालवतात. पोट दाबूनही बघायचं नाही, तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.

आत्या: बाई गं. आणि हे नेमकं रात्री व्हायचं, किंवा कडलेकाई परिषेच्या सोमवारी. कार्तिकातला तो शेवटचा सोमवार म्हणजे बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीग आणि माणसांचा पूर. ऑटोवाला गल्लीत शिरत नाही.

भाची: म्हणूनच आधी चौकशी करून ठेवायची. रात्री कोण उघडं असतं, सुट्टीला कोण असतं, मूत्रमार्गात नळी घालून मोकळं करायची सोय कुठे आहे. हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, पण ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. नंबर भिंतीवर लावून ठेव.

आत्या: ते झालं तातडीचं. पण आता जे आहे त्याला घरचं काही नको का? गोखरू आहे, धन्याचं पाणी आहे, बार्ली आहे. नाहीतर मला डॉक्टरांनी दिलेलं ते जळजळीचं औषध आहे, चमचाभर.

भाची: ते औषध लघवीची आम्लता मारतं. आणि मांजरांच्या खड्यांचा एक नेहमीचा प्रकार, स्ट्रुव्हाइट, तो आम्लता कमी झालेल्या लघवीतच धरतो. म्हणजे तुला जे बरं करतं ते त्याला खडा करील. आणि घरात पॅरासिटामॉल आहे म्हणून वेदनेवर कधी अर्धी गोळीही देऊ नकोस. ते विष आहे मांजराला. एक गोळी जीव घ्यायला पुरते.

आत्या: आणि बोअरचं पाणी? सगळे म्हणतात त्यानं खडे होतात.

भाची: कुठलं पाणी यापेक्षा किती पाणी पोटात जातं हा मोठा प्रश्न. तू त्याला पाकिटातलं कोरडं खाणं देतेस, त्यात पाणी जेमतेम दहावा भाग. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशांहून जास्त.

आत्या: मग माझा दहीभात काय वाईट? तो तर सैलसरच असतो.

भाची: पाण्यापुरता तुझा दहीभात जिंकला, कबूल! पण मांजर मांसावर जगणारं जनावर. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. दहीभात जिभेपुरता ठीक, जेवण म्हणून नाही.

आत्या: आमच्या स्वयंपाकघरात मासे येणार नाहीत, सांगून ठेवते.

भाची: स्वयंपाकघरात नको आणूस. ओल्या खाण्याचं पाकीट परसात फाड, त्याचं ताट आणि चमचा परसातल्या कपाटातच राहू दे.

आत्या: तेवढं चालेल. तो उंदीर खातो तेव्हा मी कुठे सोवळं विचारते? मग आजच गांधी बाजारात जाऊन ते किडनीचं खास खाणं आणते. नाहीतर मूत्रखड्याचं, दोन्ही मिळतात म्हणे.

भाची: थांब, माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. त्या दोन पाकिटांत कुठलं आणशील? खडा विरघळवायचं खाणं लघवी आम्ल करतं. मूत्रपिंडं गेलेल्या मांजराला ती आम्लता मानवत नाही. मूत्रपिंडाच्या खाण्यात फॉस्फरस कमी, प्रथिनं बेतानं. थायरॉइडनं झिजत चाललेल्या मांजराला ते आपलं आपण ठरवून द्यायचं नाही. सांधे दुखतात म्हणून वेदनाशामक दिलं तर तेच औषध कमजोर मूत्रपिंडाला धोक्याचं. संसर्ग नसताना अँटिबायोटिक दिलं तर उपयोग शून्य. चटईवरचं थारोळं एकच, कारणं पाच, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक. म्हणून म्हणते, आधी कळू दे.

आत्या: पटतंय. पण तुझ्या बोलण्यात एक पळवाट आहे, ती मी सोडणार नाही. 'कळू दे' म्हणायचं आणि तपासणीला न्यायचं. तिथे एक रिपोर्ट, त्यातून दुसरा, मग सोनोग्राफी, मग सलाईन, मग दाखल करा. प्रत्येक पायरीला 'एवढं केलंत तर हेही करा'. पिंजऱ्यात भेदरलेलं मांजर, शेजारी कुत्री भुंकतायत. त्याला काय माहीत हे त्याच्या भल्याचं? त्याला वाटणार, टाकून दिलं मला. तुम्ही लोक कळण्याच्या नावाखाली करतच सुटता.

भाची: हा आरोप खरा आहे. लॅबमध्ये मी रोज बघते, कागदावर काही सापडलं की ते दुरुस्त करायचा मोह होतो. मांजरांच्याच बाबतीत सांगते. म्हाताऱ्या मांजराच्या लघवीत कधी कधी जंतू सापडतात, पण त्याला कसलाच त्रास नसतो. २०१९ मध्ये पशुवैद्यकांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानं मूत्रसंसर्गावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही हेच आहे: लक्षणं नसतील तर नुसते जंतू दिसले म्हणून सहसा अँटिबायोटिक देऊ नये.

आत्या: म्हणजे गप्प बसा असं डॉक्टरच सांगतात!

भाची: सांगतात, पण तपासल्यावर. तुझं गप्प बसणं आणि त्यांचं गप्प बसणं यात हाच फरक. तपासणीनं आपण कशाला बांधले जात नाही. गुंडूला लागेल ते एवढंच: थोडी लघवी, थोडं रक्त, रक्तदाब आणि वजन. लघवीचे दोन थेंब काचेवर ठेवले की ती किती घट्ट आहे ते दिसतं. निरोगी मांजरात तो आकडा सहसा १.०३५ च्या वर. साखर आहे का, रक्त आहे का, पट्टीवर कळतं. रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, पण ते चढेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, म्हणून लघवीचा घट्टपणा आधी बोलतो. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर त्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर असला तर खाणं बदलून, पाणी वाढवून, रक्तदाब सांभाळून पुष्कळ मांजरं वर्षानुवर्षं बरी राहतात. रक्तदाबाकडे दुर्लक्ष झालं तर मात्र मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

आत्या: लघवी कशी घेणार? वाटी धरून मागे फिरायचं?

भाची: ट्रेमध्ये पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी घालायचे आणि केलेली लघवी सिरिंजनं उचलायची. ताजी द्यायची, कारण ठेवून दिली, गार झाली, की नसलेले खडे दिसायला लागतात. जंतूंची तपासणी हवी असेल तर डॉक्टर पोटातून बारीक सुईनं थेट मूत्राशयातली घेतात. ऐकायला वाईट वाटतं, पण बहुतेक मांजरं हूं की चूं करत नाहीत.

आत्या: आणि टोपलीत कोण घालणार त्याला? मागे लसीच्या वेळी माझे दोन्ही हात सोलले होते.

भाची: टोपली आजपासून हॉलमध्ये उघडी ठेवू, आत तुझी जुनी साडी. दोन दिवसांत तो स्वतः जाऊन झोपेल. नेताना वरून टॉवेल टाकू. डॉक्टरांना आधी फोन करून कुत्र्यांची गर्दी नसेल ती वेळ मागू. फार भेदरत असेल तर निघण्याआधी द्यायचं शांत करणारं औषध असतं, मूत्रपिंडाचा संशय सांगून विचारायचं.

आत्या: तू सगळं ठरवूनच आलेली दिसतेस. मग पुढचंही बोल. समजा, चौथी पायरी निघाली. मग?

भाची: मग घरी कातडीखाली सलाईन देता येतं, भूक आणि मळमळीवर औषधं असतात. जोवर तो खातोय, अंग चाटतोय, तुझ्या मांडीवर येतोय, तोवर. त्यानंतर दयामरणाचा विचार...

आत्या: या घरात ते होणार नाही.

भाची: मला माहीत होतं तू हे म्हणशील. पण ज्या माणसाच्या नावाचा बाजार तुझ्या घराजवळ आहे, त्यानंच १९२८ मध्ये साबरमतीला तडफडणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देववलं होतं. अहिंसेच्या आश्रमात! लोक चवताळून उठले, पत्रांचा पाऊस पडला, तरी गांधी मागे हटले नाहीत.

आत्या: गांधी गांधी होते. आणि ते वासरू वाचणार नाही हे त्यांनी नीट बघून, विचारून ठरवलं होतं. घाईनं नव्हे, आणि आपला त्रास वाचावा म्हणूनही नव्हे. सोय आपली आणि नाव दयेचं, असं होतं बऱ्याचदा, मला त्याचीच भीती आहे.

भाची: ती भीती रास्त आहे. पण उलटही होतं. धर्म आपला आणि तडफड त्याची. तेही मला बघवणार नाही.

आत्या: यावर आपलं आज जुळायचं नाही.

भाची: नको जुळू दे. आज त्याची गरजही नाही. तो खातोय, पितोय, माझ्या बॅगेवर झोपलाय. आजचा प्रश्न फक्त तपासायचं की नाही.

आत्या: तपासू. पण माझ्या अटी ऐक. एक, डॉक्टरांना प्रत्येक तपासणीआधी मी विचारणार: याचं उत्तर आलं तर आपण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर ती तपासणी नको. दोन, रात्रभर एकटं दाखल करायचं नाही, लघवी तुंबली तर गोष्ट वेगळी. तीन, खर्च किती ते आधी सांगायचं. पेन्शन आहे माझी, पण त्यातच सगळं बसवायचंय.

भाची: तिन्ही मान्य. पहिली अट तर मी लॅबमध्ये फ्रेम करून लावीन. माझीही एक आहे: गौरीला आणतेस तसा लिलीचा गुच्छ आता घरात नको. खऱ्या लिलीच्या फुलाचा परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाचा घात करतो, तरुण मांजराच्याही. मोगरा, निशिगंध घे.

आत्या: निशिगंधालाही बाजारात कोणी कोणी लिलीच म्हणतं.

भाची: तो तुझा लांब दांड्याचा, रात्री घमघमणारा असेल तर चालेल. मोठ्या पाकळ्यांची, मध्ये केशरी परागाच्या काड्या असलेली नको.

आत्या: बरं. उद्या शनिवार, गुरुवारपर्यंत ट्रेचा हिशेब लिहिते. मग डॉक्टरकडे वही घेऊन मीच जाणार, तू फक्त टोपली धर. तुझं पुस्तकातलं ज्ञान आहे, पण त्याचा कणा कधीपासून हाताला लागतोय, हे मला माहीत आहे. आणि शेवटाचं जे काही ठरवायचं ते मी ठरवीन, कदाचित तुला पटणार नाही असंच ठरवीन. फक्त ते आता अंदाजानं ठरवणार नाही.